घरगुती वीर्यदान आणि संसर्गाचा हिशेब

१९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक अहवाल छापून आला. एकाच दात्याचं गोठवून ठेवलेलं वीर्य आठ स्त्रियांना देण्यात आलं होतं. दाता दिसायला धडधाकट होता, त्याला कसलाही त्रास नव्हता. त्या आठांपैकी चार जणींच्या रक्तात, आज आपण ज्याला एचआयव्ही म्हणतो त्या विषाणूची प्रतिपिंडं सापडली. हा विषाणू शरीरसंबंधातून आणि रक्तातून पसरतो हे तोवर ठाऊक झालं होतं. पण पुरुषाचा स्पर्शही न होता, दवाखान्यात, डॉक्टरच्या हातून दिलेल्या वीर्यातूनही तो जातो, हे या अहवालानं दाखवलं. गोठवल्यानं तो मरत नाही, हेही दाखवलं.

आज जगभरातल्या वीर्यपेढ्या ज्या नियमांवर चालतात त्यातले बरेचसे या आणि अशा घटनांनंतर तयार झाले. त्यांचं सार एका वाक्यात सांगता येतं: वीर्य घ्या, गोठवा, काही महिने (बहुधा सहा) थांबा, दात्याची पुन्हा तपासणी करा, आणि तो तेव्हाही निरोगी निघाला तरच ते वीर्य वापरा. सगळी मदार थांबण्यावर आहे. कोणतीही रक्ततपासणी संसर्ग झाल्या दिवशी तो दाखवत नाही. शरीरात विषाणू शिरला तरी अहवाल काही दिवस किंवा काही आठवडे ‘निगेटिव्ह’ येत राहतो. या काळाला विंडो पिरियड म्हणतात. पेढी तो काळ उलटू देते आणि मगच मागे वळून पाहते.

घरी, मित्राकडून किंवा ओळखीतून मिळालेल्या ताज्या वीर्याबाबत नेमकं हेच करता येत नाही. ताजं वीर्य तासाभरात वापरावं लागतं. अहवाल कितीही नवा असला तरी तो मागच्या काही आठवड्यांपर्यंतचाच, आणि वाटीतलं वीर्य मात्र आजचं. घरगुती वीर्यदानात संसर्गाचा जो काही धोका आहे, तो बहुतेक सगळा या मधल्या अंतरात दडलेला असतो. म्हणून ‘दाता विश्वासू आहे का’ यापेक्षा ‘शेवटची तपासणी आणि आजचा दिवस यांच्यात तो कसा वागला’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

मुळात लोक पेढी सोडून बाहेर का जातात? मूर्खपणा हे त्याचं उत्तर नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अविवाहित आणि समलिंगी स्त्रियांना दारातही उभं केलं नाही, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या स्त्रियांनी आपसांत व्यवस्था उभी केली. दाते बहुतेक समलिंगी मित्र असायचे, मध्यस्थ मैत्रिणी बरणी पोहोचवायच्या. १९८२ मध्ये ओकलंडला स्त्री-आरोग्य चळवळीतूनच ‘स्पर्म बँक ऑफ कॅलिफोर्निया’ निघाली. तिचे दरवाजे अशा स्त्रियांना उघडे होते. लगोलग एड्सची साथ कळू लागली आणि जी मैत्रीची साखळी होती तीच जोखमीची साखळी ठरली. इंग्लंडमध्ये आज कायदा आडवा येत नाही, पण सरकारी खर्चानं उपचार मिळण्याआधी स्त्री-जोडप्यांना अनेक ठिकाणी स्वतःच्या पैशानं वीर्यरोपणाचे कित्येक प्रयत्न करून दाखवावे लागत आले आहेत. खिसा रिकामा झाला की माणूस इंटरनेटवर दाता शोधतो. जपानमध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठ रुग्णालयानं १९४८ पासून दात्याच्या वीर्याचे उपचार केले. पुढे मुलांना पित्याची ओळख कळण्याच्या हक्काची चर्चा सुरू झाली, दाते आटले आणि २०१८ मध्ये त्यांनी नवे रुग्ण घेणं थांबवलं. ती पोकळी समाजमाध्यमांवरच्या दात्यांनी भरली. त्यातल्याच एका दात्यानं शिक्षण आणि राष्ट्रीयत्वाबद्दल खोटं सांगितलं म्हणून टोकियोतल्या एका स्त्रीनं २०२१ मध्ये त्याच्यावर सुमारे ३३ कोटी येनचा दावा लावला. त्या खटल्याचा संसर्गाशी संबंध नाही. पण जो माणूस पदवीबद्दल खोटं बोलतो तो गेल्या महिन्यातल्या शरीरसंबंधांबद्दल खरं बोलेल, असं धरून चालणं धाडसाचंच.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. पडद्यावर वीर्यदात्याची गोष्ट सांगणारा ‘विकी डोनर’ येऊन गेला तरी नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू नाहीत हे कळल्यावर घराघरांत होणारी पहिली कुजबुज अनोळखी दात्याची नसते, ‘घरातल्याच कुणाची’ असते. दीर, चुलतभाऊ, जवळचा मित्र. रक्त आपलंच राहील आणि बाहेर वाच्यता होणार नाही, असे दुहेरी फायदे त्यात दिसतात. अशा वेळी दिराला ‘आधी एचआयव्हीची तपासणी करून ये’ असं सांगायचं कुणी? जवळीक जितकी जास्त, तितकी तपासणीची भाषा अवघड. नात्यातला दाता सुरक्षित असतो हा समज मला या सगळ्यातला सर्वांत घातक समज वाटतो. विषाणू नातं विचारत नाही हे सगळ्यांना पटतं. आपल्या दिराबद्दल तेवढं पटत नाही.

आता एकेक संसर्ग. सगळ्यांना सारखं वजन देण्यात अर्थ नाही, कारण त्यांची वारंवारता वेगळी, परिणाम वेगळे आणि उपायही वेगळे.

एचआयव्हीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून आकडेमोड त्याचीच आधी करू. उपचार न घेणाऱ्या बाधित पुरुषाशी एका योनिसंबंधातून स्त्रीला लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत आठ अशी धरली जाते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण गर्भधारणा एका प्रयत्नात क्वचितच होते. महिन्याला तीन वेळा, दहा महिने, असं धरलं तर प्रयत्न होतात तीस, आणि शक्यता दहा हजारांत दोनशे चाळीसच्या आसपास, म्हणजे साधारण चाळीसात एक. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पाच बाधित दात्यांचं वीर्य मिळालेल्या आणि नंतर तपासणी झालेल्या १९९ स्त्रियांपैकी ७ जणी बाधित निघाल्या; साडेतीन टक्के. कागदावरचा हिशेब आणि प्रत्यक्ष इतके जवळ येतात. अर्थात हे दाता बाधित असेल तर. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे पाचशेंत एक. दोन्ही शक्यतांचा गुणाकार केला तर कुणीही सरसकट पुरुष घेऊन तीस प्रयत्न केल्यास वीस हजारांत एक असं काहीसं उत्तर येतं.

हे उत्तर दिलासा देणारं आहे, आणि नेमकं म्हणूनच त्यावर विसंबू नये. दाता हा ‘सरसकट पुरुष’ नसतो. जो अनेकींना वीर्य देतो, त्यातही ज्याचे अनेकींशी शरीरसंबंध आहेत, त्याला सरासरी लागू पडत नाही. नुकती लागण झालेल्या माणसाच्या वीर्यात विषाणू भरमसाट असतो, आणि त्याच आठवड्यांत त्याची तपासणी निगेटिव्ह येते. सिडनीत आठांत चार जणी बाधित झाल्या. दहा हजारांत आठचा हिशेब तिथे पार कोलमडला होता. सरासरी हजार जणींची असते, आपण एकटीच असतो.

एचआयव्हीच्या तपासण्यांत फरक आहे आणि तो इथे मोलाचा ठरतो. विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी नॅट तपासणी साधारण दहा दिवसांपासून तेहतीस दिवसांपर्यंत संसर्ग पकडू लागते. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी प्रतिजन-प्रतिपिंड तपासणी अठरा ते पंचेचाळीस दिवसांत पकडते. बोटाच्या थेंबावर किंवा घरच्या किटवर होणाऱ्या, फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासण्यांना तेवीस ते नव्वद दिवस लागू शकतात. ‘माझी टेस्ट निगेटिव्ह आहे’ या वाक्यात कोणती टेस्ट हे दडलेलं असतं. घरच्या किटचा फोटो पाठवणारा दाता तीन महिन्यांपूर्वीची बातमी देतोय.

हेपटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीकडे मी एचआयव्हीपेक्षा जास्त लक्ष द्यायला सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात या विषाणूचे सुमारे २ कोटी ९८ लाख बाधित आहेत. लोकसंख्येशी ताडून पाहिलं तर पन्नासांत एक, एचआयव्हीच्या दहापट. हा विषाणू एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, आणि वीर्यात असतोच. बाधित पुरुषाला बहुधा काही कळत नाही. कधी काळी झालेली कावीळ विसरून गेलेली असते, किंवा झालेलीच नसते. प्रौढ स्त्रीला लागण झाली तर बहुतेक वेळा तिचं शरीर विषाणू काढून टाकतं. पण गरोदरपणात तो अंगात असला तर बाळंतपणात बाळाकडे जातो, आणि जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. पुढे यकृताचा सिरॉसिस, कर्करोग. यावर लस आहे, स्वस्त आहे, तीन डोस आहेत: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. देशभर बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमात २०११ पासून मिळू लागली, म्हणजे आज आई होऊ पाहणाऱ्या बहुतेक जणींना ती लहानपणी मिळालेली नाही. या संपूर्ण विषयात दात्याच्या शब्दावर अजिबात न अवलंबणारं सगळ्यात सोपं संरक्षण हेच. दाता शोधायच्या आधी लस घ्यायला हवी, आणि तीच गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

‘क’ प्रकारच्या काविळीवर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण इलाज होतो, आणि वीर्यातून तिचा प्रसारही तुलनेनं कमी. तपासणी करावी, पण झोप उडवून घेऊ नये.

उपदंश, ज्याला जुने लोक गर्मी म्हणत, तो गेला असं आपल्याला वाटत होतं. अमेरिकेत २०२२ मध्ये ३,७६१ बाळं जन्मजात उपदंशाची नोंदली गेली. दहा वर्षांत दहापटीहून जास्त वाढ. पुरुषाच्या जननेंद्रियावरचा पहिला व्रण दुखत नाही आणि आपोआप बरा होतो, त्यामुळे तो बरेचदा लक्षातही येत नाही. त्या सुरुवातीच्या दिवसांत उपदंश शोधणारी व्हीडीआरएल ही रक्ततपासणीही फसू शकते. इलाज मात्र साधा: वेळेवर पेनिसिलिनचं इंजेक्शन. इलाज न झालेल्या उपदंशाची किंमत बाळ देतं. गर्भपात, मृत जन्म, हाडं आणि मज्जासंस्थेचे विकार. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. गरोदर राहिल्यावर पहिल्या भेटीत एचआयव्ही आणि व्हीडीआरएल तपासली जाते, आणि निगेटिव्ह आली की विषय संपतो. पण ज्या वीर्यानं गर्भ राहिला त्याच वीर्यानं लागण झाली असेल, तर ती पहिली तपासणी विंडो पिरियडमध्येच पडते. अशा गरोदरपणात दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मागून घ्यावी.

परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया यांची गोष्ट जरा क्रूर आहे. पुरुषात क्लॅमिडिया बहुधा लक्षणं दाखवत नाही. स्त्रीतही नाही. तो गर्भाशयातून वर सरकतो, बीजवाहक नलिकांना सूज येते, त्या चिकटतात किंवा बुजतात. म्हणजे मूल व्हावं म्हणून केलेल्या प्रयत्नातून मूल न होण्याचं कारण आत शिरतं, किंवा गर्भ राहिलाच तर नलिकेत राहतो. दात्याच्या वीर्यानं केलेल्या पहिल्या नोंदलेल्या रोपणाची कथाही परम्यापासूनच सुरू होते. १८८४ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. विल्यम पँकोस्ट यांच्याकडे आलेल्या व्यापाऱ्याला परम्यामुळे वंध्यत्व आलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला गुंगी देऊन, तिला न सांगता, वर्गातल्या एका विद्यार्थ्याचं वीर्य तिच्यात सोडलं. हे जगाला कळलं ते १९०९ साली, त्या वर्गातल्याच एकाच्या पत्रातून. त्या काळात विद्यार्थ्याची तपासणी करणार तरी कशी होते! आज मात्र लघवीच्या साध्या नमुन्यावर नॅट तपासणी होते, आणि दोन्ही रोग प्रतिजैविकांनी बरे होतात, जरी परम्याचे जंतू एकेका औषधाला निर्ढावत चालले असले तरी. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये परम्याचे ८५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, १९१८ मध्ये मोजणी सुरू झाल्यापासूनचा उच्चांक. हे विसाव्या शतकातले रोग नाहीत.

सायटोमेगॅलो विषाणूबद्दल युरोप-अमेरिकेतल्या पेढ्या फार काळजी करतात. भारतात बहुतेक प्रौढांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे तो चिंतेच्या यादीत खाली जातो.

झिका मात्र आपल्या अंगणातला आहे. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवणे, मुंढव्यापासून पुणे शहरात बरेच रुग्ण निघाले, त्यात गरोदर स्त्रियाही होत्या. झिका डासातून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो वीर्यात कित्येक आठवडे टिकतो हे फार थोड्यांना. म्हणूनच बेलसरला निरोध वाटले गेले आणि काही महिने गर्भधारणा टाळायला सांगितलं गेलं. पुरुषानं झिकानंतर तीन महिने जपावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटवणारा हा विषाणू नेहमीच्या तपासण्यांत नसतो. पुण्या-मुंबईच्या दात्याला पावसाळ्यात ‘ताप, पुरळ, लाल डोळे असं काही झालं होतं का’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

वाटी की संबंध, हा प्रश्न टाळता येत नाही. काही दाते प्रत्यक्ष शरीरसंबंधाचाच आग्रह धरतात आणि त्यानं यश लवकर येतं असं पटवू पाहतात. वीर्य योग्य दिवशी योनीत पोहोचलं की पुढचं काम शुक्राणूंचं असतं. ते कसं पोहोचलं याला गर्भाशय किंमत देत नाही. संबंधात मात्र वीर्यातल्या सगळ्या संसर्गांच्या वर हर्पिस आणि एचपीव्हीसारखे त्वचेच्या स्पर्शानं जाणारे संसर्ग येतात. शिवाय ‘आता शेवटच्या क्षणी नाही म्हणू नकोस’ या दबावात सापडण्याची भीती. माझं मत स्पष्ट आहे: जो दाता संबंधावर अडून बसतो त्याला तिथेच रामराम करावा. दुसऱ्या टोकाला, घरच्या घरी नळीनं वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उद्योगही कुणी करू नये. दवाखान्यात वीर्य गर्भाशयात सोडतात (आययूआय) तेव्हा ते धुऊन घेतलेलं असतं. न धुतलेलं वीर्य गर्भाशयात गेलं तर तीव्र पेटके येतात, जंतू थेट वर जातात. सुई नसलेली निर्जंतुक सिरिंज, योनीपुरतीच, आणि थुंकी किंवा तेल न लावता, एवढीच घरगुती मर्यादा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००५ पासूनच्या नियमांत इथे एक मजेदार विसंगती आहे. वीर्यदात्याची एचआयव्ही, हेपटायटिस, उपदंश, परमा, क्लॅमिडिया अशी सगळी तपासणी नमुना देण्याच्या सात दिवसांच्या आत व्हायला हवी; पण तो स्त्रीचा शय्यासोबती असेल तर तपासणीची सक्ती नाही. म्हणजे वाटी हातात देणारा कायद्याच्या कचाट्यात, अंथरुणावर येणारा मोकळा. २०१० मध्ये याच प्रशासनानं कॅलिफोर्नियातल्या, फुकट वीर्य वाटणाऱ्या एका गृहस्थाला काम थांबवण्याचा आदेश दिला. राहत्या घरातून वीर्य देणारा एकटा माणूस सरकारच्या लेखी ‘उत्पादन करणारी आस्थापना’ ठरला. हसू येतं, पण त्या आदेशामागचा मुद्दा खोटा नव्हता. एक दाता आणि अनेक स्त्रिया अशी रचना असली की एका लागणीचं गावभर होतं. नेदरलँड्समध्ये २०२३ साली हेगच्या न्यायालयानं साडेपाचशेहून अधिक मुलांचा जन्मदाता असलेल्या एकाला पुढे वीर्य देण्यास मनाई केली, ती मुलांच्या नात्यागोत्यांच्या गुंत्यासाठी. संसर्गाच्या बाजूनं पाहिलं तरी असा माणूस म्हणजे धोक्याचा चौक. ‘पन्नास यशस्वी गर्भधारणा’ अशी जाहिरात करणारा दाता अनुभवी वाटतो. मला ती संख्या वाचून काळजी वाटते.

याउलट ज्याच्या नावानं लोक दचकतात, तो एचआयव्हीबाधित पण नियमित औषध घेणारा पुरुष कधी कधी जास्त सुरक्षित असतो. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला की तो संबंधातून दुसऱ्याला जात नाही, हे आता पक्कं झालं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, एक जोडीदार बाधित असलेल्या समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये निरोधाविना ७६ हजारांहून जास्त संबंध होऊनही एकही लागण जोडीदाराकडून झालेली आढळली नाही. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ‘स्पर्म पॉझिटिव्ह’ नावाची, अशाच पुरुषांना दाते म्हणून पुढे आणणारी वीर्यपेढी सुरू झाली. त्याआधी मिलानच्या डॉ. सेम्प्रिनी यांनी वीर्य धुऊन, शुक्राणू वेगळे काढून, बाधित नवऱ्यांच्या पत्नींना सुरक्षित गर्भधारणा करून देण्याचा मार्ग काढला होता. १९९२ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. विषाणू मुख्यतः वीर्यद्रवात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींत असतो, हे त्यामागचं तत्त्व. धुण्याची पद्धत चुकली तर काय होतं हे १९९० मध्ये अमेरिकेत दिसलं होतं. हिमोफिलिया असलेल्या बाधित नवऱ्याचं ‘धुतलेलं’ वीर्य मिळालेली स्त्री बाधित झाली. स्वयंपाकघरात हे करायचं काम नाही. पण मुद्दा असा की माहीत असलेल्या आजाराची व्यवस्था लावता येते. माहीत नसलेल्याची नाही.

भारतातला कायदा काय म्हणतो? सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दात्याची निवड, तपासणी, वीर्य घेणं आणि साठवणं हे फक्त नोंदणीकृत बँकेनं करायचं. दाता २१ ते ५५ वयाचा. एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला. त्याआधी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी नातेवाईक किंवा ओळखीच्या मित्राचं वीर्य वापरायला मनाई केली होती. थोडक्यात, दीर किंवा मित्र घेऊन डॉक्टरकडे गेलात तर डॉक्टरला हात वर करावे लागतात. एकट्या स्त्रीला हा मार्ग मोकळा आहे, विवाहित जोडप्याला आहे. लग्नाविना राहणाऱ्या किंवा दोन स्त्रियांच्या जोडप्याला कायदा जोडपं म्हणून ओळखत नाही.

ओळखीच्या दात्याला दवाखान्याचं दार बंद केल्यानं ओळखीचा दाता नाहीसा होत नाही, तो मागच्या दारानं येतो, आणि मागच्या दाराला तपासणी नसते. इंग्लंड-अमेरिकेत ओळखीच्या दात्याचं वीर्य दवाखान्यात तपासून, गोठवून वापरता येतं. ती सोय इथे असती तर घरगुती प्रयत्नांतले निम्मेअधिक धोके टळले असते, असं मला वाटतं. दुसरी उणीव पेढ्यांच्या बाजूला आहे. २०२२ च्या नियमांत दात्याच्या तपासणीच्या यादीत एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, आणि व्हीडीआरएल आहे. परमा आणि क्लॅमिडिया नाहीत. चांगल्या बँका स्वतःहून करत असतीलही, पण पैसे भरणाऱ्या जोडप्यानं ‘या दोन तपासण्या केल्या का, आणि नमुना किती महिने थांबवून ठेवला होता’ हे तोंडानं विचारावं.

तरीही ज्या स्त्रीला कायदेशीर पेढी उघडी आहे तिनं तिथेच जावं, खर्च धरूनही. ज्यांना ती उघडी नाही किंवा परवडत नाही, त्यांच्याशी बोलताना नुसतं ‘करू नका’ म्हणून भागत नाही. मग निदान पेढीकडून वेळ उसना घ्या. पहिल्या प्रयत्नाच्या तीन महिने आधी दाता, त्याची जोडीदार असेल तर ती, आणि स्वतः स्त्री, अशा सगळ्यांची पूर्ण तपासणी; मधले तीन महिने दात्याचा नवा संबंध नाही, किंवा निरोधाशिवाय नाही; मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतरच सुरुवात. पुढेही दर तीन महिन्यांनी. दर महिन्याला, वाटी हातात घेण्याआधी, तोच प्रश्न: मधल्या काळात काही घडलं का? उत्तर ‘हो’ असेल तर तो महिना सोडायचा. हो म्हणणाऱ्यावर चिडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो नाही म्हणेल. अहवाल व्हॉट्सअॅपवर आलेला चालवून घ्यायचा नाही. दोघांनी मिळून प्रयोगशाळेत जायचं. याच रक्तावर थॅलेसेमियाची तपासणीही उरकून घ्यावी; तो संसर्ग नव्हे, आनुवंशिक आजार आहे, पण वगळण्यात शहाणपण नाही. हे सगळं ऐकून जो दाता कुरकुरतो त्यानं स्वतःची पात्रता सांगून टाकलेली असते.

आणि चूक झालीच, म्हणजे प्रयत्नानंतर दात्याबद्दल काही नवं कळलं, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठावा. एचआयव्हीची लागण रोखणारी अठ्ठावीस दिवसांची औषधं तेवढ्या वेळातच सुरू करता येतात, आणि जितक्या लवकर तितकी बरी.

स्त्रीरोगतज्ज्ञांना एक विनंती आहे. समोरची बाई ‘वीर्य मित्राकडून घेतलं’ असं सांगते तेव्हा तिला कायदा ऐकवण्याआधी तपासण्या लिहून द्या. जी एकदा ओरडा खाऊन परत जाते ती पुढच्या वेळी खोटा इतिहास सांगते, आणि मग चौथ्या महिन्यात पुन्हा करायची व्हीडीआरएल कुणाच्याच डोक्यात येत नाही.

या तपासण्या कुठे करायच्या, तर सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते, गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.